तंत्रज्ञान कंपनीत पैसे घालताना तज्ज्ञांच्या मताला किती वजन द्यावे?

नौपाडेकर

माझे साडू ठाण्यातल्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले असून, हाती आलेल्या रकमेतला काही भाग त्यांना क्लाउड आणि डेटा सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीत घालायचा आहे. कंपनी अजून शेअर बाजारात नोंदलेली नाही. तिचे शेअर्स एका मध्यस्थामार्फत मिळत आहेत आणि ‘वर्षभरात आयपीओ (शेअर्सची पहिली जाहीर विक्री) येईल, त्याच दिवशी विकून मोकळे व्हायचे’ असा साडूंचा हिशेब आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझा प्रश्न त्या कंपनीचा नसून तिच्याविषयी जमलेल्या मतांचा आहे.

साडूंनी चार मते गोळा केली आहेत. पहिले मध्यस्थाने पाठवलेल्या संशोधन अहवालातले. त्यात भाव तीन वर्षांत दुप्पट होण्याचा अंदाज आहे. दुसरे एका वाहिनीवरील विश्लेषकाचे, ज्यांच्या मते या क्षेत्राला पुढली दहा वर्षे मागणीची चिंताच नाही. तिसरे यूट्यूबवरील एका गृहस्थांचे. चौथे त्यांच्याच सोसायटीतल्या एका सनदी लेखापालांचे, ज्यांनी ताळेबंद चाळून ‘हिशेब स्वच्छ आहेत’ असा निर्वाळा दिला. चारही मते अनुकूल आहेत म्हणून साडू निर्धास्त आहेत आणि नेमके तेच मला खटकते आहे.

ही मंडळी अडाणी आहेत असे मला म्हणायचे नाही. चौघांनाही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते. तरीही, एखादा माणूस तज्ज्ञ आहे हे मान्य केल्यावर त्याचे या ठिकाणचे मत किती वजनाचे, हे आपल्यासारख्याने ठरवायचे कसे? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

ऐरोलीचा_आकडेमोड्या

मी ऐरोलीत ज्या कार्यालयात काम करतो, तिथे परदेशी गुंतवणूक संस्थांच्या संशोधन अहवालांमागची आकडेमोड केली जाते. अहवालावर नाव वरिष्ठ विश्लेषकाचे असते, तक्ते आमचे असतात. त्यामुळे ‘लक्ष्य भाव’, म्हणजे शेअर पुढे कुठवर जाईल याचा अंदाज, ही गोष्ट कशी तयार होते, ते थोडे जवळून सांगतो.

कंपनी पुढे किती रोख रक्कम मिळवील याचा अंदाज बांधायचा आणि ती रक्कम आजच्या किमतीत आणायची, ही पद्धत सर्वांना ऐकून माहीत असते. मात्र पहिल्या पाच-सात वर्षांचे आकडे तपशीलवार मांडून झाल्यावर उरलेल्या सगळ्या भविष्याची किंमत एकाच भागाकाराने काढली जाते, आणि अजून नफ्यात न आलेल्या किंवा नुकत्याच आलेल्या तंत्रज्ञान कंपनीच्या बाबतीत एकूण मूल्याचा मोठा हिस्सा त्या एकाच ओळीतून येतो. समजा, त्या टप्प्यावर कंपनी वर्षाला शंभर रुपये रोख मिळवणार आहे. अपेक्षित परतावा १२ टक्के आणि कायमची वाढ ५ टक्के धरली, तर शंभराला सात टक्क्यांनी भागून १,४२९ रुपये येतात. परतावा ११ टक्के धरला तर १,६६७. त्यातच वाढ ५ ऐवजी ६ टक्के केली तर २,०००. तक्त्यातले दोन खण, प्रत्येकी एका टक्क्याचा बदल, आणि किंमत चाळीस टक्क्यांनी वर! यातला कोणताही आकडा खोटा नाही, कोणी तो बेकायदा बदललेला नाही, आणि अकरा बरोबर की बारा हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

म्हणून ‘तीन वर्षांत दुप्पट’ हे वाक्य मला स्वतःला फारसे काही सांगत नाही. ते कोणत्या गृहीतकांवर उभे आहे आणि ती थोडी हलवली तर काय होते, याचा तक्ता अहवालात आहे का, हे मी आधी पाहतो. प्रामाणिक अहवालात तो असतो आणि त्यात प्रतिकूल बाजूही दाखवलेली असते. ज्या अहवालात फक्त एकच भाव ठळक अक्षरांत छापलेला आहे, तिथे तो भाव आधी ठरला आणि गृहीतके त्याच्या मापाने नंतर शिवली गेली असण्याची शक्यता मी नेहमी मनात धरतो.

दुसरी गोष्ट शिफारशीच्या शब्दांची. दलाली पेढ्यांच्या अहवालांत ‘विका’ हा शब्द क्वचितच येतो. विश्लेषकाला त्याच कंपनीच्या व्यवस्थापनाशी पुढच्या तिमाहीत पुन्हा बोलायचे असते. त्याच्या पेढीला त्या कंपनीच्या पुढच्या भांडवल उभारणीचे काम हवे असते. आणि ज्या मोठ्या ग्राहकांकडे तो शेअर आधीच आहे, त्यांनाही कडू मत नको असते. परिणामी ‘धरून ठेवा’ म्हणजे बहुधा ‘निघा’, हे आतल्या लोकांना कळते आणि बाहेरच्या वाचकाला कळत नाही. अमेरिकेत डॉट-कॉमच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या, लाटेनंतर न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी एका बड्या पेढीचे अंतर्गत ईमेल उघड केले, तेव्हा जाहीरपणे शिफारस केलेल्या कंपन्यांना तिथले विश्लेषक खाजगीत कचरा म्हणत होते असे दिसले. पुढे २००३ मध्ये दहा पेढ्यांनी मिळून सुमारे १.४ अब्ज डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. त्या विश्लेषकांच्या ज्ञानात काही खोट नव्हती. कंपनी वाईट आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते.

घोडबंदर_रोड

सगळे विकले गेलेले असतात. कोणाचेही ऐकू नये, पैसे टपालाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवावेत आणि उपवन तलावावर फेरी मारावी. इतकी चर्चा कशाला?

सीवूड्स_पूर्व

घोडबंदर_रोड यांचा सल्ला साडूंच्या वयाला कदाचित योग्यही असेल, पण ‘सगळेच विकलेले’ म्हणणे हा प्रश्नाला बगल देण्याचा प्रकार आहे. प्रतिकूल मत देणारा तेवढा प्रामाणिक आणि अनुकूल मत देणारा लबाड, अशी सोपी विभागणी आपल्याकडे गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे, आणि तिचे मूळ मुख्यतः पेटीएमच्या आयपीओत आहे. ते प्रकरण सावकाश पाहिले, तर मात्र चित्र तितके सरळ राहत नाही.

पेटीएमची मूळ कंपनी वन नाइन्टीसेव्हन कम्युनिकेशन्स १८ नोव्हेंबर २०२१ रोजी बाजारात आली. १८,३०० कोटी रुपयांचा तो तोवरचा देशातला सर्वांत मोठा आयपीओ होता. २,१५० रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के घसरला. त्याच दिवशी मॅक्वायरी या संस्थेच्या विश्लेषकाने १,२०० रुपयांचा लक्ष्य भाव दिला होता आणि कंपनीने एकाच वेळी फार व्यवसायांत हात घातले आहेत, असे कारण मांडले होते. भाव पुढे त्याच्याही खाली गेला आणि तो विश्लेषक घरोघरी माहीत झाला.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात, पुढची फारसे कोणी सांगत नाही. त्याच संस्थेने लक्ष्य आधी ९०० आणि मग ४५० वर आणले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने मत पूर्ण फिरवून ८०० रुपयांच्या लक्ष्यासह अनुकूल शिफारस केली. त्यानंतर वर्षभरात, ३१ जानेवारी २०२४ रोजी, रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि संस्थेने लक्ष्य २७५ केले. शेअर मे महिन्यात ३१० च्या आसपास तळाला गेला, २७५ ला पोहोचला नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा हजाराच्या घरात होता. यात विश्लेषकाची बेइमानी मला दिसत नाही. माहिती बदलली तसे मत बदलले, आणि ते बदलायलाच हवे. पण ‘२०२१ मध्ये त्याचे खरे ठरले होते’ एवढ्या आधारावर २०२४ मध्ये ज्याने शेअर विकला, त्याने मताऐवजी माणसाच्या नावावर पैसे लावले.

झोमॅटोचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना तो आयपीओ आला, तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठातले मूल्यांकनाचे प्राध्यापक अश्वत्थ दामोदरन यांनी शेअरचे मूल्य ४१ रुपयांच्या आसपास काढले. बाजाराने पहिल्या दिवशी १२५ च्या जवळपास भाव दिला आणि प्राध्यापकांची थट्टा झाली. वर्षाने, जुलै २०२२ मध्ये, भाव खरोखरच ४१ पर्यंत आला आणि थट्टा करणारेच वाहवा करू लागले. परंतु तो भाव त्या आठवड्यात तिथे का आला? आयपीओपूर्वीच्या भागधारकांवरचे एक वर्षाचे विक्रीबंधन नेमके तेव्हा संपले होते आणि त्यांतल्या काहींनी शेअर विकले, हे त्यामागचे मोठे कारण होते. म्हणजे भाकीत जुळले, पण भाकितामागचे कारण जुळले असे म्हणता येत नाही. त्यानंतर ब्लिंकिटच्या रूपाने घेतलेला झटपट घरपोच किराण्याचा व्यवसाय वाढला आणि २०२४ मध्ये शेअर २५० च्या वर गेला. जो ४१ हा आकडा पाठ करून बसला होता, त्याला ही सगळी चढण बाहेरून पाहावी लागली.

तरीही माझ्या लेखी दामोदरन यांचे ते मत उच्च प्रतीचे होते, कारण बाजार किती वाढेल, त्यातला किती हिस्सा कंपनीला मिळेल आणि त्यावर किती नफा सुटेल, हे सर्व त्यांनी आपल्या गणनपत्रकासह उघड ठेवले होते. तुम्हाला त्यांचा बाजाराचा अंदाज पटत नसेल, तर तो बदलून तुम्ही आपला आकडा काढू शकत होता. चुकले तरी कुठे चुकले हे दाखवता येते, असे मत मला विश्वासार्ह वाटते. वाहिनीवरील सद्गृहस्थांचे ‘दहा वर्षे मागणीची चिंता नाही’ हे मत चुकले आहे हे सिद्ध करायला आपल्याला दहा वर्षे थांबावे लागेल, आणि तेव्हा ते कुठल्या वाहिनीवर असतील कोण जाणे.

अवांतर: आयपीओतले पैसे कोणाच्या खिशात जाणार, हे एका ओळीत कळते आणि तरी ते फारसे कोणी वाचत नाही. पेटीएमच्या १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी जुन्या भागधारकांच्या विक्रीचे होते; झोमॅटोच्या ९,३७५ कोटींपैकी असे फक्त ३७५ कोटी होते. कंपनीला आतून ओळखणारे जेव्हा मोठ्या प्रमाणावर विकत असतात, तेव्हा तेही एक तज्ज्ञ मतच असते.

महापे_नाइट_शिफ्ट

वाहिनीवरील मताविषयी थोडे लिहितो, कारण ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत माझी बरीच वर्षे गेली आहेत. ऐरोली, रबाळे, महापे भागात रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांच्या शेजारी ही खिडक्या नसलेली केंद्रे कशी वाढली, ते आम्ही पाहिले आहे. मागणी आहे, यात वाद नाही. पण मागणी असणे आणि त्या मागणीतून एका विशिष्ट कंपनीच्या भागधारकाला पैसे मिळणे, यांत फार अंतर आहे. जानेवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने महाराष्ट्रातल्या आपल्या क्लाउड व्यवसायात ८.३ अब्ज डॉलर घालण्याची घोषणा केली. आशावादी तज्ज्ञ ही बातमी मागणीचा पुरावा म्हणून दाखवील. साडूंची कंपनी क्लाउड सेवा विकत असेल, तर हीच बातमी तिच्या दारात उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याची आहे. तंत्रज्ञान उत्तम आहे का, हे मला विचारा, मी सांगेन. शीतकरण कसे आहे, वीजपुरवठ्याला पर्यायी जोडणी आहे का, हेही सांगेन. पण ग्राहकांशी करार किती वर्षांचे आहेत, एकाच ग्राहकाकडून किती टक्के महसूल येतो आणि दर तिमाहीला किती जण सोडून जातात, हे माझ्या क्षेत्रातले प्रश्न नाहीत. माझ्याच एका माजी वरिष्ठांना हल्ली परिषदांत ‘गुंतवणुकीवर मार्गदर्शन’ करण्यासाठी बोलावतात. यंत्रे त्यांना तोंडपाठ आहेत. ताळेबंद त्यांनी कधी उघडला असेल, असे मला वाटत नाही.

नौपाडेकर

सर्वांचे आभार. घोडबंदर_रोड, आपला सल्ला साडूंपर्यंत पोहोचवला. उपवनला ते रोज जातातच.

दोन गोष्टी राहिल्या. सोसायटीतल्या लेखापालांचे मत तरी निःस्वार्थ आहे, त्यांना यातून काही मिळणार नाही. मग ते जास्त ग्राह्य धरावे का? आणि अहवाल देणाऱ्याचा हितसंबंध आपल्याला कळणार कुठून?

बेलापूरची_लेखापाल

मी स्वतः लेखापरीक्षणाच्या कामात आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देते. ‘हिशेब स्वच्छ आहेत’ याचा अर्थ, दिलेल्या कागदांवरून आकडे नियमांनुसार मांडलेले दिसतात, इतकाच. कंपनी पुढे पैसे मिळवील का आणि आज मागितला जाणारा भाव रास्त आहे का, या दोन्ही प्रश्नांशी त्या वाक्याचा संबंध नाही. शिवाय छापील हिशेब घरी बसून चाळणाऱ्याला बँकेतली शिल्लक खरोखर आहे की नाही, हे कळण्याचा मार्गच नसतो. सत्यम या आयटी कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कंपनी-शासनाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी पत्र लिहून हजारो कोटींची रोख शिल्लक खोटी असल्याचे कबूल केले. तिथे जगप्रसिद्ध लेखापरीक्षक होते, स्वतंत्र संचालक होते, विश्लेषक होते. निःस्वार्थ असणे हा चांगला गुण आहे, पण त्याने माहितीची उणीव भरून निघत नाही.

दुसरा प्रश्न. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१४ च्या संशोधन विश्लेषक नियमांनुसार अहवाल देणाऱ्याने आपला हितसंबंध जाहीर करावा लागतो: त्या कंपनीत त्याचा किंवा त्याच्या संस्थेचा आर्थिक हितसंबंध आहे का, एक टक्का किंवा अधिक भागभांडवल आहे का, मागच्या बारा महिन्यांत तिच्याकडून मोबदला घेतला का, तिच्या समभागविक्रीचे काम पाहिले का. हे सर्व शेवटच्या पानावर, भिंग लागेल अशा अक्षरांत असते. मी अहवाल तिथूनच वाचायला घेते. वैयक्तिक विश्लेषकाला अहवालाच्या आधी तीस दिवस आणि नंतर पाच दिवस त्या शेअरमध्ये व्यवहार करता येत नाही. नोंदणीकृत संशोधन विश्लेषकाचा क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो, तर गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने; दोन्ही सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतात. यूट्यूबवरील गृहस्थांपासून ही तपासणी सुरू करावी, असे सुचवते. ‘हे केवळ शैक्षणिक हेतूने’ असे खाली लिहिल्याने आजच्या भावावर शेअर सुचवण्याची मुभा मिळत नाही. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने शिकवण्याच्या नावाखाली गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरण्याचीही वाट बंद केली होती.

नोंदणी आहे म्हणजे सर्व आलबेल, असेही समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने एका व्यापारविषयक वाहिनीवरील पाहुण्या तज्ज्ञांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. कार्यक्रमात कोणता शेअर सुचवला जाणार हे काही जणांना आधीच कळवले जाई, ते आधी खरेदी करत, आणि शिफारस प्रसारित होऊन भाव हलला की विकून बाहेर पडत, असा तो प्रथमदर्शनी निष्कर्ष होता. ७ कोटी ४१ लाख रुपयांचा कथित गैरलाभ त्यात गोठवण्यात आला. प्रेक्षक मत ऐकत होता, तेव्हा त्याला ठाऊक नसताना तोच त्या व्यवहारातला खरेदीदार होता.

आता मूळ धाग्यातली एक गोष्ट, जी कोणीच हेरलेली दिसत नाही. ‘आयपीओच्या दिवशी विकून मोकळे व्हायचे’ असे साडू म्हणतात. आयपीओपूर्वी घेतलेले शेअर सामान्य गुंतवणूकदाराला वाटपाच्या तारखेपासून सहा महिने विकता येत नाहीत. झोमॅटोच्या वेळी ही मुदत एक वर्षाची होती, ती त्यानंतर कमी झाली, पण संपली नाही. पहिल्या दिवशीचा चढा भाव साडूंना फक्त पाहता येईल. आणि तो चढाच असेल, याचीही खात्री नाही. एचडीबी फायनान्शियल ही तंत्रज्ञान कंपनी नाही, कर्ज देणारी कंपनी आहे, पण उदाहरण नेमके आहे: नोंदणीपूर्व बाजारात तिचा शेअर बाराशेच्या वर विकला जात होता, आणि जून २०२५ मध्ये आयपीओचा भाव ठरला ७०० ते ७४० रुपये.

साडूंची सगळी योजना ज्या दिवसावर उभी आहे, त्या दिवशी त्यांना विकताच येणार नाही, हे चार तज्ज्ञांपैकी एकानेही सांगितलेले नाही. अहवाल पाठवणाऱ्या मध्यस्थाला हे माहीत नसणे जवळजवळ अशक्य आहे.

ऐरोलीचा_आकडेमोड्या

बेलापूरकर ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. त्यात एकच भर घालतो: चार मते म्हणून जी मोजली जात आहेत, ती खरोखर चार आहेत का, हेही पाहावे. वाहिनीवरील विश्लेषक आणि यूट्यूबवाले गृहस्थ यांचे आकडे मध्यस्थाच्या अहवालातल्या आकड्यांशी जुळत असतील, तर सगळ्यांचा स्रोत कंपनीने मध्यस्थांना दाखवलेले एकच सादरीकरण असण्याची शक्यता आहे. मोठ्या नोंदलेल्या आयटी कंपन्यांच्या बाबतीतही हेच घडते. व्यवस्थापन वर्षाच्या वाढीचा पल्ला जाहीर करते आणि बहुतेक विश्लेषकांचे अंदाज त्याच्याच आसपास गोळा होतात. त्याला मग ‘सर्वसहमती’ म्हणतात.

नौपाडेकर

काल संध्याकाळी राम मारुती रस्त्यावर साडूंची भेट झाली, तेव्हा हा धागा त्यांना दाखवला. सहा महिन्यांच्या बंधनाचे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. त्यांनी तिथूनच मध्यस्थाच्या माणसाला फोन लावून तीन प्रश्न विचारले: आयपीओनंतर मला केव्हा विकता येईल, हे शेअर मला विकणारा सध्याचा भागधारक कोण, आणि तुमच्या पेढीला या विक्रीवर किती मिळते. पहिल्यावर ‘तो तांत्रिक भाग आहे, आमची टीम बघते’, दुसऱ्यावर ‘ते गोपनीय असते’ आणि तिसऱ्यावर ‘तुमच्यासाठी शून्य दलाली’ अशी उत्तरे आली. शून्य दलालीत पेढी चालते कशी, असे साडूंनी विचारल्यावर खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक पेढी ठेवते, एवढे कळले. तो किती, हे शेवटपर्यंत कळले नाही.

तिन्ही उत्तरे ईमेलने लेखी द्यावीत, अशी मागणी त्यांनी केली आहे. ईमेल अजून आलेली नाही, ‘भाव सोमवारपासून वाढणार आहे’ असा निरोप मात्र आज सकाळी आला.

बेलापूरची_लेखापाल

तो निरोप काढून टाकू नये. तारखेसह जपून ठेवावा. पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर लेखी कागद लागतात. मध्यस्थ सेबीकडे नोंदलेला असेल तर स्कोअर्सवर, म्हणजे सेबीच्या ऑनलाइन तक्रार मंचावर, तक्रार करता येते. नोंदलेला नसेल, तर पैसे देण्याआधीच थांबावे, कारण अशा अनधिकृत मंचांवरील व्यवहारांविषयी सेबीने गुंतवणूकदारांना डिसेंबर २०२४ मध्येच सावध केले आहे.